सिटाडेल म्हणजे नुसता किल्ला का?

तुमचा प्रश्न असा की फोर्ट, फोर्ट्रेस, सिटाडेल तिन्हीपुढे डिक्शनरीत 'किल्ला'च लिहिलंय, मग फरक काय. मी रत्नागिरीचा, त्यामुळे मला हे रत्नदुर्गावरूनच सांगता येईल.

रत्नदुर्ग तीन बाजूंनी समुद्रात घुसलेला, चांगला ऐसपैस पसरलाय, एका टेकडीवर दीपगृह, एकीकडे पेठेचा भाग, आणि एका टोकाला वेगळी तटबंदी घातलेला छोटा भाग, ज्यात भगवतीचं देऊळ आहे. आम्ही नवरात्रात 'किल्ल्यावर जाऊन येतो' म्हणतो ते तिथेच. तर हा सगळा पसारा म्हणजे फोर्ट किंवा फोर्ट्रेस (फोर्ट्रेस जरा मोठ्या, भक्कम किल्ल्याला म्हणतात, बाकी फार फरक नाही) आणि देवळाभोवतीचा तो आतला भाग म्हणजे सिटाडेल. मराठीत सरळ बालेकिल्ला. बाहेरचा तट पडला तरी शेवटचं लढायला जागा पाहिजे ना, ती ही.

शब्द मूळ इटालियन, चित्तादेल्ला, म्हणजे छोटं शहर. आपला बालेकिल्ला फारसी 'बाला' म्हणजे वरचा यावरून आलाय. त्यांनी आकार बघितला, आपण उंची. आणि युरोपात सिटाडेल नुसतं शत्रूसाठी नसायचं हां, शहरातले आपलेच लोक उठले तर त्यांच्यावर तोफा रोखायलाही ते कामाला यायचं.

आता खरा घोळ वापरात होतो. पेपरात येतं ना, 'अमुक मतदारसंघ तमुक पक्षाचा बालेकिल्ला', तिथे इंग्रजीत सिटाडेल लिहू नका, चूक नाही म्हणता येणार पण भारदस्त वाटतं, स्ट्राँगहोल्ड किंवा बॅस्टियन लिहा. गंमत म्हणजे बॅस्टियन म्हणजे मुळात बुरूज, आमच्याकडे रेडे बुरूज आहे तसा, म्हणजे इंग्रजीत पक्षाचा बुरूज आणि मराठीत बालेकिल्ला. कोणी ठरवलं देव जाणे. सिटाडेल मोठ्या शब्दांच्या भाषणात चालतं, 'सिटाडेल ऑफ लर्निंग' वगैरे, कॉलेजच्या गॅदरिंगला पाहुणे हमखास टाकतात.

उच्चार मात्र सिटाडेल नाही, सिटडल, जोर पहिल्या 'सि'वर. मीही कित्येक वर्षं चुकीचाच करत होतो.