टाऊ एकच, आजार निरनिराळे

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. पार्किन्सन म्हणून दीड वर्ष गोळ्या घेतल्या, उपयोग झाला नाही. सारखे मागच्या मागे पडतात, जिना उतरताना पायरी चुकते. नव्या डॉक्टरांनी ‘पीएसपी’ (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, तोल आणि डोळ्यांची हालचाल बिघडवणारा मेंदूचा आजार) सांगितलं. मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन साचतं म्हणाले. टाऊची रक्ततपासणी करावी का? औषध निघालंय का? आम्हा मुलांना धोका आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पीएसपी ठरवण्यासाठी ही तपासणी करू नका, पैसे वाया जातील. सध्या बोलबाला आहे तो पी-टाऊ २१७ चा, म्हणजे रक्तात मोजता येणाऱ्या टाऊच्या एका प्रकाराचा. त्यावर आधारलेल्या रक्तचाचणीला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये मंजुरी दिली, पण ती अल्झायमरसाठी. पीएसपीत हा आकडा सहसा वाढत नाही. म्हणजे अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून डॉक्टरांचं निदान चुकलं असं होत नाही.

टाऊ हे चेतापेशीच्या आतल्या सूक्ष्मनलिकांना आधार देणारं प्रथिन. आजारात ते सुटून त्याच्या गाठी बनतात. केंब्रिजच्या एमआरसी प्रयोगशाळेने २०१७ मध्ये अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतल्या टाऊ-तंतूंची अणूंच्या पातळीवरची रचना दाखवली. पुढच्या अभ्यासांत पीएसपीतल्या टाऊची घडी अगदी वेगळी निघाली. पेट स्कॅनमध्ये टाऊ दिसावा म्हणून टोचलं जाणारं फ्लोरटॉसिपिर हे द्रव्य अल्झायमरच्या टाऊला घट्ट चिकटतं, पीएसपीच्या टाऊला नीट चिकटत नाही, त्याचं कारण या वेगळ्या घडीत आहे.

पीएसपीचं निदान अजूनही तपासणीच्या खोलीतच होतं. डॉक्टर मान स्थिर ठेवून नजर खाली न्यायला सांगतात. डोळे हळू सरकतात किंवा अडकतात. मग रुग्णाला समोर एका जागी बघायला सांगून त्याची मान हाताने मागे झुकवतात, तेव्हा तेच डोळे सहज खाली वळतात. डोळ्यांचे स्नायू ठीक आहेत, बिघाड मेंदूकडून येणाऱ्या आज्ञेत आहे, हे त्यातून कळतं. एमआरआयमध्ये मध्यमेंदू आक्रसलेला दिसला की निदानाला बळ मिळतं. लिव्होडोपाचा (पार्किन्सनच्या नेहमीच्या औषधाचा) उपयोग नसला तरी गोळ्या मनाने एकदम थांबवू नका. डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतील.

आजाराचा वेग कमी करणारं औषध आज नाही. टाऊला पकडणारी गोसुरानेमॅब आणि टिलाव्होनेमॅब ही प्रतिपिंडं पीएसपीत अपयशी ठरली, २०१९ मध्ये त्या चाचण्या थांबल्या. ती पेशीबाहेरचा टाऊ पकडत होती. खरा साठा पेशीच्या आत असतो, हे एक संभाव्य कारण. आता पेशीत टाऊ बनवण्याचा जो संदेश जातो, तोच रोखण्याचे प्रयत्न चालू आहेत. मणक्यातून द्यायच्या बीआयआयबी०८० या औषधाने सौम्य अल्झायमरच्या छोट्या चाचणीत, जास्त मात्रेच्या गटांत मज्जारसातला (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातला) टाऊ निम्म्याहून अधिक घटला. आम्हाला ही दिशा खरी आशेची वाटते. तरीही आकडा घटणं आणि माणूस सावरणं यांत अंतर आहे, आणि ही चाचणी पीएसपीची नव्हती.

मुलांना धोका? बहुतेक घरांत हा आजार आनुवंशिक नसतो.

प्रश्न : सासूबाईंना पीएसपी आहे. पाणी पिताना ठसका लागतो, ताटातलं दिसत नाही. घरी काय करावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. ठसका किरकोळ समजू नका. अन्नपाणी फुफ्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया या आजारात जिवावर बेततो. पाणी पातळ असतं, गळा बंद व्हायच्या आत ते श्वासनलिकेकडे घसरतं. ते किती दाट करायचं, हे थेरपिस्टच ठरवतील. अरुंद पेल्याने मान मागे जाते, म्हणून रुंद तोंडाचा कप द्या. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, एका वेळी एकच छोटा घोट. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका.

ताटाखाली पाट ठेवून ते नजरेच्या रेषेत आणा. बायफोकल चष्मा काढून टाका, खालच्या भिंगातून त्यांना बघताच येत नाही. वाचायचा चष्मा वेगळा करा. पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, त्यासाठी डॉक्टरांना विचारून थेंब घाला.

हे रुग्ण खुर्चीतून एकदम उसळून उठतात आणि मागे कोसळतात. म्हणून उठताना कुणीतरी शेजारी हवंच. जागच्या जागी गर्रकन वळू देऊ नका, मोठा वळसा घेऊन वळवा. वॉकर हलका असेल तर तो रुग्णासकट मागे येतो. पुढच्या बाजूला वजन लावलेला घ्या.