एक्सप्रेसमध्ये (नोड.जेएसवर वेब ॲप लिहिण्याच्या फ्रेमवर्कमध्ये) राउट पॅरामीटर, म्हणजे यूआरएलमधला बदलता भाग, कंट्रोलरमध्ये (विनंतीला उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्ये) ‘अनडिफाइन्ड’ का येतो? आणि नीट आलाच तर तो राउटमध्येच पार्सइंट (मजकुरातून पूर्णांक काढणारे जावास्क्रिप्टचे फंक्शन) लावून नंबर करावा का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे. तुमच्या यूआरएलमध्ये शेतकऱ्याचा आणि पावतीचा असे दोन क्रमांक आहेत. शेतकऱ्याचा क्रमांक तुम्ही मुख्य ॲपच्या पाथमध्ये घेतला आहे आणि पावत्यांचा राउटर (कोणता पाथ कोणत्या कंट्रोलरकडे जाईल ते ठरवणारा भाग) वेगळ्या फाइलमध्ये आहे. अशा वेळी बाहेरच्या पाथमधले पॅरामीटर आतल्या राउटरला आपोआप मिळत नाहीत. तो राउटर तयार करताना ‘मर्जपॅराम्स’ ट्रू करा, म्हणजे ‘रेक.पॅराम्स’मध्ये (req.params) दोन्ही क्रमांक दिसतील. (आमच्याकडे रेक म्हटले की रावेर-सावद्याहून दिल्लीकडे निघणारी केळीची मालगाडीच आठवते.)

दुसऱ्या प्रश्नावर मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण याच एका ओळीवरून माझे आणि माझ्या भागीदाराचे वाजले होते.

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी आम्ही पावत्यांचा प्रोग्रॅम केला होता. तिथले मुनीमजी कटती (कपात) चुकली तर जुनी पावती फाडून टाकत नसत; तिच्यावर लाल शाईची तिरपी रेघ मारून दुरुस्त पावतीला ‘417-अ’ असा क्रमांक देत. माझे म्हणणे असे होते की पावती क्रमांक हे नाव आहे, त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही, म्हणून तो यूआरएलमधून आला तसा स्ट्रिंग (मजकूर) म्हणूनच कंट्रोलरकडे द्यावा. भागीदाराने ‘आकडा तो आकडाच’ असे म्हणून माझ्या माघारी पार्सइंट लावले. पार्सइंट ‘417-अ’ वाचताना आकडे संपले की थांबते, उरलेले सोडून देते आणि काहीही तक्रार न करता 417 हातात ठेवते. त्यामुळे दुरुस्त पावतीची लिंक उघडली की रद्द झालेली पावती समोर येई. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. मी दोन संध्याकाळी डेटाबेस तपासत बसलो, आणि तिसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याने हातची पावती आणि आमचा प्रिंट गल्ल्यावर शेजारी शेजारी ठेवून दाखवला, तेव्हा उलगडा झाला. पार्सइंटऐवजी ‘नंबर’ वापरले असते तर निदान ‘नॅन’ (‘हा आकडा नाही’ अशी खूण) तरी मिळाले असते.

म्हणून राउटमध्ये पार्सइंट लावू नका. लिंक बनवताना क्रमांक ‘एन्कोडयूआरआयकंपोनंट’मधून (यूआरएलमध्ये थेट न चालणारी अक्षरे सांकेतिक रूपात बदलणाऱ्या फंक्शनमधून) काढा, एक्सप्रेस तो उलगडून कंट्रोलरला पुन्हा ‘417-अ’ असाच देते.

तुमचा क्रमांक डेटाबेसनेच दिलेला पूर्णांक असेल, तर नंबर करायला अर्थातच हरकत नाही. मात्र आधी सगळी अक्षरे आकडेच आहेत का ते पाहा आणि नसतील तर 404 (‘सापडले नाही’) द्या. एक्सप्रेस 4 मध्ये ही अट पाथमध्येच कंसात रेगेक्स (अक्षरांचा नमुना) लिहून घालता येत असे. 5 मध्ये ती सोय काढलेली असल्याने ती कंट्रोलरमध्ये किंवा ‘राउटर.पॅराम’मध्ये (कंट्रोलरच्या आधी पॅरामीटर तपासण्याच्या जागी) ठेवावी लागेल.

भागीदार आजही म्हणतो की चूक मुनीमजींची होती, त्यांनी दुरुस्त पावतीला सरळ 418 क्रमांक द्यायला हवा होता. 418 तोवर दुसऱ्या शेतकऱ्याच्या नावावर फाटलेली होती.