जुन्या पत्रांतील मायने

प्रश्न : घरच्या जुन्या दप्तरात आमच्या पूर्वजांना आलेल्या एका पत्रावर ‘वे. शा. सं.’ आणि दुसऱ्यावर ‘रा. रा.’ असा मायना आहे. व्यक्ती एकच असताना मायने वेगळे का? आणि संस्थानिक घराण्यातील व्यक्तींना व धर्मगुरूंना आज काय लिहावे?

उत्तर : ‘वे. शा. सं.’ म्हणजे वेदशास्त्रसंपन्न, आणि ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजेश्री. पहिला मायना विद्वान ब्राह्मणासाठी होता. दुसरा मुळात दरबारी असला तरी इंग्रजी अमदानीत कोणत्याही प्रतिष्ठित गृहस्थाच्या नावामागे लागू लागला. त्यामुळे पत्र कोणी व कोणत्या नात्याने लिहिले, हे आधी पाहावे. शास्त्रार्थ विचारणारा पहिला मायना घालील, जमिनीच्या व्यवहाराविषयी लिहिणारा दुसरा. पेशवेकालीन पत्रांत हा विवेक फार बारकाईने पाळलेला दिसतो. पेशवे मल्हारराव होळकरांना लिहीत, तेव्हा ‘राजश्री मल्हारजी होळकर गोसावी यांसी’ असा आरंभ करून ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य’ हे विशेषण योजीत आणि पुढे आपल्या नावानिशी ‘आशीर्वाद’ लिहीत. सरदाराच्या वैभवाचा पूर्ण मान राखून ब्राह्मण प्रधानाचे वडीलपण त्या एका शब्दात सांगितले जाई. तेच पहिले बाजीराव पेशवे आपले गुरू, धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी, यांना लिहिताना ‘स्वामींचे सेवेशी’ असे नम्रपणे लिहीत. केवळ मायना वाचून दोघांचे नाते कळावे, अशी ही व्यवस्था होती, आणि पत्राचे संपादन करताना मायना गाळणे मला म्हणूनच अक्षम्य वाटते.

आजच्याविषयी सांगायचे तर, संविधानाच्या अनुच्छेद 18 नुसार सैनिकी व विद्याविषयक मानांखेरीज कोणताही किताब राज्यसंस्थेला देता येत नाही, आणि 1971 च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे संपले. तरीही खाजगी पत्रात वा निमंत्रणपत्रिकेत ‘श्रीमंत’ लिहिण्याची रीत सौजन्य म्हणून टिकून आहे आणि त्यात गैर काही नाही; सरकारी अर्जात मात्र साधे ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’ लिहावे. वारकरी कीर्तनकारांना ‘ह. भ. प.’ (हरिभक्तपरायण), वीरशैव शिवाचार्यांना, म्हणजे त्या पंथाच्या धर्मगुरूंना, ‘ष. ब्र.’ (षट्स्थलब्रह्मी) आणि ख्रिस्ती धर्मगुरूंना ‘रेव्हरंड’ लिहितात. कॅथलिक धर्मगुरूंना बोलताना ‘फादर’ म्हणावे. ‘ह. भ. प.’ लिहिल्यावर त्यापुढे पुन्हा ‘श्री.’ जोडू नये.