जुना छोटा टॅबलेट बदलायचा का? आधी बॅटरी, मग लेकीचा लॅपटॉप

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी. दुसऱ्यांदा त्या एका ओळीसाठी: "दिवसभर शाळा, संध्याकाळी स्वयंपाक, आणि रात्री साडेदहानंतर मी आणि माझा टॅबलेट." ही ओळ लिहिणारीला कोणी 'चैन कशाला' म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं. त्यामुळे तुमचे मिस्टर नव्या टॅबलेटला 'पैसे वाया' म्हणतात तिथे मी त्यांच्या बाजूने नाही. पण या महिन्यात नवा घ्यावा, याही बाजूने नाही.

आधी तुमची बाजू थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही कळेल. तुम्ही साताऱ्यात खासगी शाळेत शिकवता. २०१९ च्या दिवाळीत आयपॅड मिनीची, म्हणजे ॲपलच्या छोट्या टॅबलेटची, पाचवी आवृत्ती घेतली, ६४ जीबीची, ३४,९०० रुपयांना. त्यावर मुलांच्या वह्यांचे पीडीएफ ॲपलच्या डिजिटल पेन्सिलने तपासता आणि रात्री वाचता. आता बॅटरी दुपारीच मान टाकते, जागा भरल्याचा निरोप रोज येतो आणि नवं सॉफ्टवेअर टाकल्यापासून तो अडखळतो. नवा मिनी १२८ जीबीचा, ४९,९०० रुपयांचा. तो 'नो कॉस्ट' हप्त्यांवर बारा महिन्यांत फेडायचा तुमचा विचार आहे. घरात दोघांचे मिळून ७८,००० येतात. गृहकर्जाचा हप्ता धरून खर्च ५८,०००, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) ८,०००. अडीअडचणीसाठी १,१०,००० ची एफडी. आणि मुलगी यंदा बारावीला.

जुन्या मिनीने तुमचे पैसे केव्हाच फेडलेत. ३४,९०० रुपये सहा वर्षांवर पसरले तर दिवसाला सोळा रुपयेसुद्धा पडत नाहीत, एका चहाच्या आसपास. वस्तू चांगली निवडली होती. म्हणूनच ती टाकण्याआधी नेमकं काय बिघडलंय ते पाहू. तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन बऱ्यापैकी दुरुस्त होण्याजोग्या आहेत.

बॅटरीचं आधी सांगते, कारण तिला मुदत आहे. आयपॅडची बॅटरी साधारण एक हजार पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत राहील, अशा हिशोबाने बनवलेली असते. सहा वर्षांच्या रोजच्या वापरात तुम्ही तो आकडा पार केला असेल, नाहीतर जवळ तरी पोचला असाल. यात टॅबलेट खराब झालाय असं काही नाही, बॅटरीचं आयुष्य तेवढंच. पण ॲपल एखादं मॉडेल विकणं थांबवल्यापासून पाच वर्षांनी त्याला 'व्हिंटेज' ठरवते, आणि सात वर्षांनी सहसा दुरुस्तीच बंद होते. मिनीची पाचवी आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये बंद झाली. म्हणजे सप्टेंबर २०२६ नंतर सुटे भाग मिळाले तर मिळाले. तेव्हा हे काम पुढे ढकलू नका. अधिकृत सेवा केंद्रात जाऊन बॅटरी बदलण्याचा लेखी अंदाज घ्या. दहा हजारांच्या आत असेल तर बिनधास्त करा. त्याहून बराच जास्त सांगितला तर बॅटरी बदलू नका, चार्जर शाळेत नेऊन दिवस काढा आणि वाचलेले पैसे पुढच्या टॅबलेटच्या नावे टाका. देण्याआधी सगळ्याचा बॅकअप घ्या. अनेकदा ते बॅटरी न बदलता अख्खा टॅबलेटच बदलून देतात. आणि स्क्रीन एका कडेने उचलल्यासारखी दिसली तर बॅटरी फुगलेली असू शकते. तसं असेल तर तो चार्जिंगला लावू नका, लगेच दाखवा.

जागेचं म्हणाल तर आयपॅडमध्ये मेमरी कार्ड बसत नाही, ६४ जीबी ते ६४ जीबीच. पण पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की २०२५ मध्ये व्हॉट्सॲप आयपॅडवर आलं तेव्हापासून पालकांचे ग्रुप त्यावरच पाहता. ताई, तुमची जागा बहुतेक तिथेच गेलीय. स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ, सहलीचे फोटो, रोजचे सुप्रभात. सेटिंग्जमध्ये जनरलखाली आयपॅड स्टोरेज उघडा, कुठलं ॲप किती जागा खातं ते दिसेल. ग्रुप फोनवर पाहा आणि टॅबलेटवरून व्हॉट्सॲप काढून टाका. मागच्या वर्षांच्या तपासलेल्या वह्या घरच्या कॉम्प्युटरवर हलवा. तरीही जागा कमी पडली तर आयक्लाउडची ५० जीबी महिना ७५ रुपयांत मिळते, वर्षाला ९००.

अडखळण्याची तक्रार मात्र पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही. तुमच्या मिनीत ए१२ चिप आणि ३ जीबी रॅम आहे, आणि तुम्ही टाकलेल्या नव्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे आयपॅडओएस २६ चा, काचेसारखा पारदर्शक देखावा तिला जड जातो. ॲक्सेसिबिलिटीत जाऊन पारदर्शकता आणि हालचाल कमी करा. रिकामी जागा वाढली की थोडा फरक त्यानेही पडेल. आता वापरणं सुरक्षित आहे का, हे तुम्ही विचारलंय. आहे. आयपॅडओएस २६ तुमच्या मॉडेलला मिळते. २०१५ च्या मिनी ४ ला नव्या आवृत्त्या आयपॅडओएस १५ पाशीच थांबल्या, तरी सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२५ मध्येही येत होत्या. तुमच्याकडे अजून वेळ आहे.

आता नव्याची खरी किंमत. दुकानात ४९,९०० ऐकलंत, पण तुमची पहिल्या पिढीची पेन्सिल नव्या मिनीला चालतच नाही. यूएसबी-सी ची पेन्सिल ७,९०० ला, पेन्सिल प्रो ११,९०० ला. वह्या तपासायला स्वस्तातली पुरे. साधं कव्हर दोन हजार धरा. म्हणजे आकडा ६०,००० च्या घरात गेला. जीएसटी कमी होईल म्हणून थांबू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले, टॅबलेट आधीपासून १८ वरच होता.

'नो कॉस्ट' हा शब्दही जरा उलगडून पाहा. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच मनाई केली. त्यामुळे बँक व्याज लावतेच आणि तेवढी सूट किमतीत दिली जाते. १६ टक्के दर धरला तर ४९,९०० वर वर्षाचं व्याज साधारण ४,०७० येतं. ते सुटीत परत मिळतं, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७३० च्या आसपास, तुमच्या खिशातून जातो. वर प्रोसेसिंग फी. शिवाय रोखीची सूट अनेकदा हातची जाते. हजारभर रुपयांचा मामला, त्याने कोणी बुडत नाही.

मला काळजी वाटते ती महिन्याच्या ४,१५८ रुपयांची. खर्च आणि एसआयपी वजा जाता तुमच्याकडे १२,००० उरतात आणि 'ते कुठे जातात कळत नाही' असं तुम्हीच लिहिलंय. त्यातला तिसरा हिस्सा वर्षभरासाठी बांधला जाईल. आणि हे वर्ष नेहमीसारखं नाही. एप्रिल-मेमध्ये सीईटी ही प्रवेश परीक्षा, मग कॅप राउंड म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या, मग प्रवेश. मुलींच्या फीमाफीवर तुमची भिस्त दिसते. ती सवलत ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्या घरांसाठी आहे. तुमच्या हातात येणारे ७८,००० बाराने गुणले तरी ९,३६,००० होतात. ती मिळेल असं धरून चालू नका. वसतिगृहाची अनामत, पुस्तकं, आणि सगळ्यात आधी लॅपटॉप, हे जुलैत एकदम दारात उभं राहील. तुमची एफडी दोन महिन्यांच्या खर्चालाही पुरत नाही, तिला हात लावायचा नाही. यंदा घरात एकच नवं यंत्र येणार असेल तर ते तिचा लॅपटॉप असावं.

'वापरलेला मिनी ६ स्वस्तात मिळतोय' असं तुमचा भाऊ म्हणतो. त्याची सुरुवातीची आवृत्ती पुन्हा ६४ जीबीचीच. ज्या दुखण्याला कंटाळलात तेच विकत घ्याल. ३४,९०० चा साधा आयपॅड पैशाला छान आहे, पण तो अकरा इंची आणि अर्ध्या किलोहून थोडा कमी वजनाचा, जवळपास ४७७ ग्रॅम. तुमचा मिनी ३०० ग्रॅमचा. आडवं पडून एका हातात धरून वाचणाऱ्या बाईला हा फरक मनगटात कळतो. मी स्वतः रात्री छोट्यावरच वाचते, म्हणून ठामपणे सांगते: घ्याल तेव्हा मिनीच घ्या, तिथे तडजोड करू नका.

तर असं करा. फेब्रुवारी २०२६ पासून पगाराच्या दुसऱ्या दिवशी ४,००० ची आरडी, म्हणजे बँकेतली दरमहा भरायची ठेव, लावा. हप्त्याएवढीच रक्कम, फक्त ती तुमच्याच खात्यात. जूनपर्यंत २०,००० जमतील. प्रवेशाच्या धावपळीत लागले तर मोडा, थोडं व्याज जाईल, मुद्दल जागेवर. हप्ता असा मोडता येत नाही. नाही लागले, तर २०२७ च्या गुढीपाडव्यापर्यंत चौदा हप्त्यांचे व्याजासह ५८,००० च्या आसपास होतील. तेव्हा नवा मिनी रोखीने घ्या, मिस्टरांना न विचारता. एसआयपी मात्र थांबवू नका.

त्याआधी स्क्रीन फुटली किंवा टॅबलेट सुरूच होईना, तर लॅपटॉप घेऊन झाल्यावर जमलेल्या पैशांत उरलेली भर घालून घेतला तरी चालेल. तेव्हा पैशांची ओढाताण पाच-सहा महिन्यांची असेल, बारा नाही.

या शनिवारी शाळा सुटल्यावर सेवा केंद्रात जाऊन या. बॅटरीचा किती अंदाज देतात ते मला कळवा, मग तिथलं गणित दोघी मिळून पुन्हा पाहू.