वाचक विचारतात : सांगलीतली एक दुपार

प्रश्न : मुलीला विश्रामबागच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळालाय. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिला सोडायला येतोय. कागदपत्रं बारापर्यंत उरकतील, परतीची गाडी मिरजेहून रात्री आहे. मधल्या वेळात काय पाहावं, काय घ्यावं?

उत्तर : विश्रामबागेत रेंगाळू नका. विलिंग्डन (१९१९) आणि वालचंद (१९४७) या दोन्ही कॉलेजांचं आवार मुलगी पुढची चार वर्षं बघणारच आहे. वडाप (सीटवर भाडं घेणारी खासगी गाडी) किंवा सिटी बस पकडून गावात या आणि आधी जेवून घ्या. मग कृष्णाकाठचं पटवर्धनांचं गणपती मंदिर. तिथून आयर्विन पूल (१९२९) जवळच आहे. सांगलीकर पाणी मोजतात ते याच पुलापाशी : ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी 'आयर्विनला किती?' एवढं विचारून घ्या. पाणी ३५ च्या पुढे असेल तर हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम बेतातून काढून टाका, कारण घाटच पाण्याखाली असतो. पाणी कमी असेल तर रिक्षाने जाऊन तासाभरात परत येता येतं.

खरेदी शेवटी, म्हणजे ओझं वागवावं लागत नाही. हळद, बेदाणे आणि किराणा गणपती पेठेत, कापड कापड पेठेत. भडंग अगदी निघताना घ्या, तेही छोट्या सीलबंद पुड्यांत. दोन किलोंची एकच पिशवी ऑगस्टच्या हवेत एकदा उघडली की दुसऱ्या दिवशी सादळते. सादळलंच तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम असताना झाकण लावलं की आतल्या वाफेने पुन्हा मऊ पडतं. कृष्णाकाठची वांगी मात्र आता शोधू नका. ती थंडीतली चीज, मुलगी दिवाळीला घरी येताना आणेल.

प्रश्न : सांगलीची हळद वर्षभराची एकदम भरायची आहे. पूड घ्यावी की हळकुंडं? थेट मार्केट यार्डात सौद्याला गेलं तर स्वस्त पडेल का?

उत्तर : सौदे पोत्यांचे असतात आणि बोली अडते-व्यापाऱ्यांची. पाच किलोंच्या गिऱ्हाइकाला तिथे कुणी विचारत नाही. बघायला जरूर जा, घ्यायला गणपती पेठेत.

घ्यायची ती हळकुंडंच. एक हातात घेऊन मोडा. चांगलं वाळलेलं हळकुंड वाकत नाही, कट्टकन आवाज होऊन तुटतं आणि आत गडद नारिंगी दिसतं. वाकलं किंवा चिवट लागलं तर ओल आहे. वजनात पाण्याचे पैसे जातील आणि पुढे बुरशी येईल ती वेगळीच. वरून पिवळंधमक, चकचकीत दिसणाऱ्या मालाला भुलू नका. ग्लासभर पाण्यात एक हळकुंड टाका : पाणी लगेच भडक पिवळं झालं, तर वरून रंग चढवलाय. तो रंग लेड क्रोमेटचा, म्हणजे शिशाचा असू शकतो. असा माल स्वस्तातही नको.

वर्षाची भरणी ऑगस्टमध्ये करू नका. नवी हळद उन्हाळ्याच्या तोंडाला बाजारात येते. मार्च-एप्रिलमध्ये घेतली की हळकुंडांना एक दिवस कडक ऊन देता येतं आणि दळणही मोकळं होतं. पावसाळी हवेत कांडप गिरणीत पूड चिकटते. घरच्या मिक्सरच्या वाटेला जाऊ नका, पात्यांचं वाटोळं होतं. पुडीला ऊन दाखवू नका, रंग उडतो. एका वेळी तीन महिन्यांपुरतंच दळून काचेच्या बरणीत, अंधाऱ्या फळीवर ठेवा.

प्रश्न : मिरजेत तयार तंबोरा एका दिवसात मिळेल का?

उत्तर : मिळेल, पण आपली पट्टी, म्हणजे गाताना धरायचा मूळ सूर, माहीत असल्याशिवाय जाऊ नका. काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या उंच सुरात) गाणाऱ्या मुलीच्या हाती मोठा, खालच्या सुराचा मर्दानी तंबोरा दिला तर तारा ताणून ताणून तुटतील. दुकानात बसून चारही तारा आपल्या पट्टीला लावून घ्या आणि जवारी ऐका (तारेला गुंजन यावं म्हणून घोडीला दिलेली घासणी) : प्रत्येक तारेची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, सारखी लांबली पाहिजे, एखादी मध्येच 'टण्' करून थांबली तर जवारी पुन्हा काढायला सांगा. प्रवासात मोडतो तो भोपळा. बसच्या टपावर किंवा डिकीत नको, गादीच्या खोळीत घालून मांडीवर घ्या.