हरकती : निरंक

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तलावाच्या काठाचं सुशोभीकरण, सतरा झाडांच्या बुंध्यांवर लाल रंगातले आकडे, एका करंजावर चिकटवलेली नोटीस. तुम्ही विचारलंय की सह्यांची मोहीम काढावी, नगरसेवकाकडे जावं की पेपरात बातमी द्यावी. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की उद्यान विभागातले साहेब फार चांगले आहेत, 'तुमचं म्हणणं मी वर पोचवतो' असं म्हणाले. ते वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. 2022 च्या उन्हाळ्यात मलाही असंच सांगितलं होतं. म्हणून लांबलचक लिहितेय, रागवू नका.

आधीच सांगते, मी वकील नाही, पर्यावरणातली तज्ज्ञही नाही. एका नगरपरिषदेच्या गावात राहते आणि एक लढाई हरून शिकले, तेवढंच. कायदा कोणता, अर्ज कसा लिहायचा यात वेळ घालवत नाही. 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आणि त्यातली 2021 ची दुरुस्ती, दोन्ही मराठीतून मिळतात. आज रात्री वाचून काढा.

आता माझी चूक. आमच्या तलावाच्या दक्षिण काठावरची अकरा झाडं जाणार होती. दोन चिंचा, एक वड, बाकी करंज आणि जांभळं. नोटिशीत हरकतींसाठी सात दिवस होते. चौथ्या दिवशी आम्ही पाचजण 61 सह्यांचं निवेदन घेऊन गेलो. अधिकारी अतिशय अगत्यानं बोलले. खुर्च्या मागवल्या, चहा मागवला. निवेदन पूर्ण वाचलं, दोन ओळींखाली पेनानं रेघ ओढली. म्हणाले, मीही शेतकऱ्याचा मुलगा आहे, झाड तोडायचं दुःख मला कळतं. मग हात पुढे करून म्हणाले, 'द्या, फाइलला लावून घेतो.' मी दिलं. आवक-जावकचं टेबल त्याच इमारतीत तळमजल्यावर होतं. तिथे जाऊन शिक्का घ्यायला दहा मिनिटं लागली असती. पण इतक्या चांगल्या बोलणाऱ्या माणसासमोर पोहोच मागायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा, असं मला वाटलं. त्या संकोचाची किंमत सहा झाडांनी मोजली.

दीड महिन्यानं, जोडून आलेल्या सुट्टीत, रविवारी सकाळी सातला कटरचा आवाज आला. आम्ही पोचेपर्यंत पहिली चिंच आडवी झाली होती. दुपारपर्यंत दोन्ही चिंचा आणि चार करंज गेले. कार्यालयं बंद, फोन बंद. पुढे माहिती अधिकारात फाइल बघायला मागितली. टिपणीच्या दुसऱ्या पानावर टाइप केलेलं होतं : 'जाहीर नोटीस प्रसिद्ध करण्यात आली. विहित मुदतीत प्राप्त हरकती : निरंक.' निरंक म्हणजे एकही नाही. आमचं निवेदन फाइलमध्ये नव्हतं. ज्यांच्याकडे सल्ल्याला गेलो त्या वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला, 'पोहोच आहे?' आणि फोल्डर मिटवलं. तो कागद हरवला की बाजूला काढून ठेवला, हे आता कुणीही सिद्ध करू शकत नाही.

'निरंक' या एका शब्दाला इतकं महत्त्व का, तर हरकत नोंदली गेली की विषय वृक्ष प्राधिकरणापुढे, म्हणजे झाडतोडीच्या परवानगीचा निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, पुन्हा ठेवावा लागतो आणि हरकत घेणाऱ्याचं म्हणणं ऐकावं लागतं. निरंक असेल तर ही पायरीच गळते. प्राधिकरणात बसलेल्यांना समोर कोरा कागद दिसतो. ते वाईट असतात असं नाही, त्यांच्यापर्यंत काही पोचलेलंच नसतं.

त्यामुळे सह्यांच्या मोहिमेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. एका निवेदनाखाली शंभर सह्या घेण्यापेक्षा वीसजणांनी वीस वेगळी पत्रं द्यावीत. निवेदन एक, म्हणजे आवक क्रमांक एक, आणि हरवला तर सगळंच हरवलं. वीस पत्रांचे वीस क्रमांक होतात. प्रत्येक पत्रात झाडाचा तो लाल आकडा, झाडाचं नाव आणि त्या झाडाबद्दलची हरकत लिहा. 'वृक्षतोड थांबवावी' एवढंच लिहिलेलं पत्र निकाली काढायला सोपं असतं. 'झाड क्र. 7, उंबर, ट्रॅक दोन मीटर आत घेतला तर वाचतं' असं लिहिलं तर कुणाला तरी जागेवर येऊन मोजावं लागतं. प्रत्येकाची दुसरी प्रत, तिच्यावर शिक्का, तारीख, क्रमांक. टेबलावरच्या माणसानं 'साहेबांना विचारून घेतो' म्हटलं तर तिथेच थांबा. तरी घेतलं नाही तर त्याच दिवशी पोस्टानं आणि ईमेलनं पाठवा. (2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे पोचवल्याचा पुरावा काउंटरवर मागून घ्या.) आणि नोटिशीचा फोटो काढताना बुंधा, आकडा आणि आजूबाजूचं काहीतरी ओळखीचं दिसेल असा काढा. पावसात कागद गळून पडतो आणि मग तो लावला होता की नव्हता यावरच वाद होतो.

दुसरी गोष्ट, झाडाचं वय. हे मला फार उशिरा कळलं. 2021 च्या दुरुस्तीनंतर वय हा सगळ्यात कळीचा आकडा झालाय. 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष ठरतं. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडं लावायची असतात. म्हणजे कागदावर वय कमी लिहिलं की संरक्षणही कमी आणि जबाबदारीही कमी. आमच्या मोठ्या चिंचेचं वय पंचनाम्यात 30 लिहिलं होतं. त्या चिंचेखाली माझ्या सासूबाईंची वरात थांबली होती, त्याचा फोटो आमच्या भिंतीवर आहे. तो मी हरकतीला जोडलाच नाही, कारण वय कुणी चुकीचं लिहील हे डोक्यातच आलं नव्हतं. तुम्ही आजच गावातल्या जुन्या माणसांकडे जा. लग्नाचे, शाळेच्या सहलीचे, गणपती विसर्जनाचे फोटो शोधा, तलाव पाठीमागे असतोच. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर मोजून लिहा. आणि वृक्षगणनेची नोंद मागा. ती दर पाच वर्षांनी करायची असते. गणनेत एक वय आणि प्रस्तावात दुसरं असेल तर तुमची बाजू तिथेच भक्कम होते.

आता जरा मोठं बोलते. झाडांची नोटीस ही गोष्टीची सुरुवात नसते. ती जवळजवळ शेवटची पायरी असते. त्याआधी प्रकल्प अहवाल झालेला असतो, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कधी कधी कार्यारंभ आदेशही. आपण झाडांसाठी उद्यान विभागाशी भांडत बसतो आणि ट्रॅकची रेघ बांधकाम विभागानं आठ महिन्यांपूर्वी मारलेली असते. म्हणून अंदाजपत्रक आणि नकाशा मागा. माहिती अधिकारातल्या उत्तरासाठी तीस दिवस थांबायचं नसेल तर सोमवारी दुपारी 3 ते 5 मध्ये जा. जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत त्या वेळेत नागरिकांना अभिलेख बघू द्यावेत असा राज्य सरकारचा 2018 चा निर्णय आहे. त्याची प्रत छापून बरोबर न्या, कारण बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्यांनाच तो माहीत नसतो.

अंदाजपत्रकात एकच गोष्ट शोधा : तलावात येणारं सांडपाणी अडवायला किती पैसे ठेवलेत. आमच्याकडे भिंत होती, पेव्हर ब्लॉक होते, दिवे होते, कारंजं होतं. पश्चिमेकडून येणाऱ्या नाल्यासाठी एक रुपया नव्हता. मला याचा फार राग आहे आणि तो इथे लपवत नाही. काठाला उभी सिमेंटची भिंत घातली की पावसाचं पाणी उतरायच्या वाटा बंद होतात, उथळ कडेचं गवत जातं, तिथे चरणारे पक्षी जातात. नाल्याची घाण मात्र तशीच आत येत राहते. दोन वर्षांत जलपर्णी पसरते, मग ती काढायचं वेगळं टेंडर निघतं. याला पुनरुज्जीवन म्हणू नये. तलाव जिवंत करायचा तर आधी नाला वळवा, मग येणाऱ्या पाण्याच्या वाटा मोकळ्या करा, गाळ काढा. बाकं आणि दिवे सगळ्यात शेवटी. केंद्राच्या अमृत 2.0 या शहरांसाठीच्या पाणी योजनेत जलस्रोतांच्या पुनरुज्जीवनाला निधीची तरतूद केलेली आहे, त्यामुळे 'योजनाच नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

ट्रॅक कुठे होतोय हेही बघा. पाण्याच्या हद्दीत भराव टाकून होत असेल तर प्रश्न झाडांपेक्षा मोठा आहे. पवई तलावाभोवतीचा महापालिकेचा सायकल ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयानं मे 2022 मध्ये बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितली. पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांवर तो निकाल आहे. पण एक सावधगिरी : पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्या नियमांतून वगळलेले आहेत. तुमचा तलाव कशात बसतो हे वकिलाला विचारूनच त्यावर भिस्त ठेवा. पर्यावरणाचे वाद ऐकणारं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण ज्या कायद्यांखालचे वाद घेतं त्यांच्या यादीत झाडांचा कायदा नाही, त्यामुळे निव्वळ झाडांचा वाद असेल तर बहुतेक वकील उच्च न्यायालयाकडेच बोट दाखवतील. पाणी, प्रदूषण, भराव हा मुद्दा असेल तर हरित न्यायाधिकरणाचं पुण्याचं खंडपीठ. तिथे सहा महिन्यांची मुदत असते, ती वाद पहिल्यांदा उद्भवल्यापासून मोजतात. पत्रव्यवहारात ती कशी निघून जाते ते कळत नाही.

आमची तशीच गेली. झाडं पडल्यावर आम्ही जिल्ह्याच्या एका कार्यालयात तक्रार केली, नाव घेत नाही. तिथून आमचा अर्ज 'आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी' असा शेरा मारून खाली पाठवला गेला. कुणाकडे? ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्याच अधिकाऱ्याकडे. त्यांनी उत्तर दिलं की कार्यवाही नियमानुसार झाली आहे. आम्ही पुन्हा वर गेलो, पुन्हा तोच शेरा. चार फेऱ्या, सात महिने. त्या काळात नगरपरिषदेवर प्रशासक होते, म्हणजे सभेत प्रश्न विचारायला नगरसेवकही नव्हते. नगरपरिषदांच्या 1965 च्या कायद्यात कलम 308 आहे, त्याखाली नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी तहकूब करू शकतात, हे त्या सात महिन्यांत एकाही टेबलावर आम्हाला कुणी सांगितलं नाही. तुम्ही पत्र लिहाल तर त्यात नुसतं 'योग्य ती कारवाई करावी' लिहू नका. कलम लिहा, ठरावाचा क्रमांक लिहा आणि नेमकं काय हवंय ते लिहा : अंमलबजावणी तहकूब करावी.

आणि हे काम झाड उभं असतानाच करा. मुंबईतल्या आरेचं आठवा, मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडली ते. 4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली, 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयानं थांबवली, तोवर 2,141 झाडं गेली होती. तिथे नावाजलेले वकील होते, सगळ्या देशाचं लक्ष होतं. आपल्या गावच्या तलावावर रविवारी सकाळी कोण येणार?

तोडणारे आलेच तर कटरवाल्या मुलांशी भांडू नका, ती रोजंदारीवर असतात. परवानगीची प्रत मागा, त्यावरची तारीख, झाडांचे क्रमांक आणि अटी मोठ्यानं वाचा, कुणाला तरी व्हिडिओ काढू द्या. पत्रात नसलेल्या झाडाला हात लावला तर लगेच पोलिसांत लेखी द्या. अंगावर जाऊ नका. पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं 353, आताचं भारतीय न्याय संहितेचं 132, हे सरकारी कामात बळानं अडथळा आणल्याचं कलम लावून तक्रारदारालाच आरोपी करणं अवघड नसतं आणि मग सगळी शक्ती जामिनात जाते.

नगरसेवक आणि पेपर, दोन्ही चालतील, पण पोहोच हातात आल्यावर. बातमी आधी आली की तारखा हलतात आणि आपण बेसावध सापडतो, असं माझं मत. इथल्या काहींना ते पटणार नाही. पुनर्रोपण करू असं सांगितलं तर मागच्या पाच वर्षांत नगरपरिषदेनं हलवलेल्या झाडांची यादी आणि आज जिवंत असलेल्यांची संख्या लेखी मागा. मोठा वड-चिंच मुळासकट उपटून दुसरीकडे जगवता येतं यावर माझा विश्वास उरलेला नाही.

आमची पाच झाडं अजून उभी आहेत. त्यातला वड बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉकनी बांधलाय, भोवतीची एक मीटर जागा मोकळी करा म्हणून तिसरं पत्र मागच्या महिन्यात दिलं. आवक क्रमांकासह.

तुमच्या नोटिशीची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. ती आधी बघा आणि इथे टाका. मुदत शनिवार-रविवारी संपत असेल तर शुक्रवारीच पत्रं द्या, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी. वीस पत्रांचा मसुदा हवा असेल तर सांगा, रात्री करून देते. झाडांचे आकडे आणि नावं तेवढी कळवा.