१७ वर्षांच्या मुलाला पोलिसांनी पकडलं तर पुढे काय होतं?
कोठडी नाही, बेड्याही नाहीत. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार त्याला २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात. गुन्हा अजामीनपात्र असला तरी सहसा जामीन मिळतो. नाकारलाच तर निरीक्षणगृह (चौकशी चालू असताना मुलांना ठेवायची जागा), तुरुंग नव्हे. घरी कोण कमावतं, शाळा का सुटली, हे परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, मुलाच्या घरची परिस्थिती तपासणारा) मंडळासाठीच्या अहवालात लिहितो. माझ्या मते हाच कागद सगळ्यात महत्त्वाचा, वकिलाच्या भाषणापेक्षाही. शेवटी समज, समुपदेशन, किंवा फार तर ३ वर्षं विशेष गृह (दोषी ठरलेल्या मुलांचं सुधारगृह). किमान ७ वर्षं शिक्षेचा गुन्हा आणि वय १६ पूर्ण असेल, तर मात्र प्राथमिक मूल्यांकनानंतर (मुलाला गुन्ह्याचे परिणाम कळत होते का, याची मंडळाने केलेली तपासणी) खटला मंडळाकडून बाल न्यायालयात (जिथे तो प्रौढासारखा चालू शकतो) जाऊ शकतो. म्हणून वय दाखवायला शाळेचा जन्मतारखेचा दाखला आधी शोधून ठेवा.